बाटली कुणी भरली?

पाण्याचा रिपोर्ट ‘ओके’ आला म्हणजे पाणी ओके असतंच, असं नाही बॉस! अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात ६९ बाटल्यांनी लाखभर लोकांना खोटा दिलासा दिला. सर्व्हे, सॅम्पल आणि टक्केवारीच्या आड काय काय लपू शकतं, त्याची ही गोष्ट...

गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये पोट बिघडण्याची साथच आली होती. पाचव्या मजल्यावरची दोन शाळकरी मुलं, शेजारच्या आजी, माझी फ्लॅटमेट. आधी प्रत्येकाने आपापल्या पाणीपुरीवाल्याला शिव्या घातल्या. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिशेब लागला आणि सगळ्यांचं बोट पाण्याच्या टाकीकडे वळलं. सेक्रेटरी काका तसे तत्पर. त्यांनी लगेच एक बाटली भरून लॅबला पाठवली आणि चार दिवसांनी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. ‘पाणी पिण्यास योग्य.’ खाली पटापट अंगठे आले. विषय संपला!

संपला कसला? माझी फ्लॅटमेट अजून ओआरएसवरच होती. लिफ्टमध्ये काका भेटले तेव्हा मी सहज विचारलं, “काका, बाटली कुठे भरलीत?”

“अगं, गेटजवळच्या नळाला. महापालिकेचं पाणी डायरेक्ट येतं ना तिथे. मस्त फोर्स असतो.”

आता गंमत बघा. आम्ही पितो ते वरच्या टाकीतलं पाणी. त्यात निम्मं टँकरचं, आणि ती टाकी शेवटची कधी धुतली हे कुणालाच आठवत नाही. म्हणजे लॅबचा रिपोर्ट शंभर टक्के खरा होता. फक्त तो आमच्या पाण्याचा नव्हता! काका खोटारडे अजिबात नाहीत. त्यांना सोयीचा होता तो नळ त्यांनी सोडला, एवढंच.

शितावरून भाताची परीक्षा करायची, हे आपल्याला आजीने शिकवलेलं. जगभरचे सर्व्हे याच फंड्यावर चालतात. शहरातल्या सगळ्यांचं रक्त तपासता येत नाही, सगळ्या नळांचं पाणी तपासता येत नाही. मग थोडे नमुने घ्यायचे आणि त्यावरून अख्ख्या शहराबद्दल बोलायचं. पण आजीचं शीत खरं का ठरतं? कारण पातेलं एक, आच एक, आणि तिने डाव फिरवून मधलं शीत उचललेलं असतं. शहर म्हणजे असं एकसारखं शिजलेलं पातेलं नव्हे. कुठे करपलेलं, कुठे कच्चं. तिथे शीत कुठून उचललं यावर सगळा निकाल फिरतो. सोयीचं तेवढंच उचलणाऱ्या या झुकत्या मापाला अभ्यासक ‘बायस’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘मापात पाप’ असा जास्त चटकदार शब्द आहे. फरक इतकाच की हे पाप बरेचदा करणाऱ्यालाही कळत नाही.

आणि कधी कधी व्यवस्थित कळतं.

इंजिनांची सोय झाली

मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे जनरल मोटर्सचं जन्मगाव. १९६० च्या सुमारास इथे जवळपास दोन लाख लोक राहायचे. कारखाने बंद पडत गेले तशी वस्ती निम्म्यावर आली. जे उरले त्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, आणि दहापैकी चार जण गरिबीच्या रेषेखाली. शहराच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून राज्य सरकारने कारभार एका ‘इमर्जन्सी मॅनेजर’कडे सोपवलेला. पैसे वाचवायचे म्हणून २५ एप्रिल २०१४ ला डेट्रॉईटहून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद झालं आणि फ्लिंट नदीचं सुरू झालं.

नदीचं पाणी धातूला जास्त खाणारं. असं पाणी असलं की त्यात फॉस्फेट मिसळतात, म्हणजे पाइपच्या आतून एक संरक्षक थर टिकून राहतो. फ्लिंटमध्ये ते मिसळलंच नाही. शहरातले कितीतरी जुने पाइप शिशाचे. ते आतून सुटायला लागले. पाणी गढूळ येतंय, वास येतोय, अंगावर पुरळ उठतंय, अशा तक्रारी घेऊन लोक बाटल्या नाचवत सभांना जाऊ लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन प्लांटने, आमचे पार्ट गंजतायत म्हणून, दुसरीकडचं पाणी जोडून घेतलं. इंजिनांची सोय झाली. माणसं मात्र तेच पाणी पीत राहिली, कारण कागदावर सगळं ‘नियमात’ होतं!

शिशाला चव नाही, वास नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करतं, आणि अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेत १९९१ साली यासाठी नियम झाला. शहरातल्या ठरावीक घरांतून पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या, शिशाच्या प्रमाणानुसार चढत्या क्रमाने रांगेत लावायच्या आणि शंभरातल्या नव्वदाव्या बाटलीचा आकडा बघायचा. तो १५ पीपीबी, म्हणजे लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला, की शहराला हालचाल करावीच लागते. थोडक्यात, दहा टक्क्यांहून जास्त बाटल्या १५ च्या वर जाता कामा नयेत. (आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात ही मर्यादा १० आहे.)

या नियमात एक हुशारीची गोष्ट आहे. बाटल्या कुठल्याही घरातून भरायच्या नाहीत. जिथे धोका सर्वांत जास्त, म्हणजे शिशाचा पाइप किंवा शिशाचं सोल्डरिंग असलेली घरं, तीच निवडायची. म्हणजे इथे अख्ख्या शहराची सरासरी नकोच आहे. करपलेलं शीत शोधून ते बघायचं आहे. प्रातिनिधिक नमुना म्हणजे नेहमी ‘सगळ्यांतून थोडं थोडं’ असं नसतं. प्रश्न काय आहे, त्यावर ते ठरतं. ‘शहरात सरासरी किती शिसं आहे’ हा एक प्रश्न, ‘कुणाच्या घरात धोका आहे’ हा दुसरा.

फ्लिंटमध्ये पहिलीच पायरी घसरली. कुठल्या घराला शिशाचा पाइप आहे, याची नोंद होती सुमारे ४५ हजार इंडेक्स कार्डांवर आणि पेन्सिलीने खुणा केलेल्या जुन्या नकाशांवर. ती धड कुणी लावलेलीच नव्हती. तरी फॉर्मवर लिहिलं जात होतं की नमुने शिशाच्या पाइपच्या घरांतलेच आहेत. म्हणजे बाटल्या आल्या, पण करपलेल्या कडेच्या आल्या की मऊसूत मधल्या, हे शहरालाच ठाऊक नव्हतं!

दुसरं, बाटली भरायची कशी? पाणी पाइपात रात्रभर साचून राहिलं की शिसं त्यात उतरतं, म्हणून सकाळची पहिली धार घ्यायची असते. लोकांना दिलेल्या सूचनेत मात्र होतं की आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्या आणि मग सकाळी बाटली भरा. पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलतो ना आपण, तसंच. सुटलेले कण रात्रीच वाहून जातात. ही पद्धत एकट्या फ्लिंटची नव्हती, अमेरिकेतल्या इतर शहरांतही चालायची. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, असं करू नका हे स्पष्ट सांगितलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. तोवर फ्लिंटची बातमी जगभर झाली होती.

दोन बाटल्यांची जादू

आता कॅल्क्युलेटर काढा. २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत फ्लिंटला शंभर बाटल्या गोळा करायच्या होत्या. जमल्या ७१. जूनच्या शेवटच्या आठवड्यात राज्याच्या एका अधिकाऱ्याने शहराला ई-मेल केला. अजून बऱ्याच बाटल्या यायच्यात आणि त्या मर्यादेच्या खाली येतील अशी आशा आहे, कारण आत्ताचा आकडा वर जातोय, असा त्याचा आशय होता. परीक्षा घेणाऱ्याने पेपरच्या आधीच मार्क सांगावेत, तसा प्रकार.

७१ पैकी ८ बाटल्या १५ च्या वर होत्या. म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त. नव्वद टक्क्यांच्या जागेवरची बाटली होती १८ पीपीबीची. शहर नापास. मग राज्याच्या सांगण्यावरून दोन बाटल्या बाद झाल्या, एक १०४ ची आणि एक २० ची. उरल्या ६९, त्यांतल्या १५ च्या वरच्या फक्त ६. टक्केवारी नऊच्याही खाली, आणि रांगेतली ती बाटली आता ११ पीपीबीची. शहर पास! शहराची लोकसंख्या लाखाच्या खाली गेल्यामुळे ६० बाटल्याही पुरेशा होत्या, त्यामुळे तीही अडचण नाही. एका थेंबाचंही शिसं कमी न करता फ्लिंटचं पाणी नियमात बसलं.

बाद करण्याची कारणं नियमाच्या भाषेतलीच होती. एक बाटली निवासी घरातली नव्हती. दुसऱ्या घरात फिल्टर बसवलेला होता, म्हणून ते घर नमुन्यात बसत नाही. आता मला सांगा, फिल्टरने शिसं कमी होईल. वाढणार कसं?

ती १०४ ची बाटली ली-अ‍ॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईच्या घरची होती. तिच्या जुळ्या मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं सापडलं होतं. मार्चमध्ये तिच्याच नळाला ३९७ आकडा आला. ईपीएच्या मिगेल डेल तोराल यांनी तिचं ऐकून घेतलं आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांनी तिने भरलेल्या तीस बाटल्या तपासल्या. एका बाटलीत १३,२०० पीपीबी! पाच हजाराच्या वर शिसं असलं की अमेरिकेत त्या द्रवाला घातक कचरा म्हणतात. शहराच्या हिशेबात हेच घर ‘धरायचं नाही’ असं ठरलं होतं.

मग ऑगस्ट २०१५ मध्ये एडवर्ड्स यांच्या टीमने आणि वॉल्टर्ससारख्या रहिवाशांनी मिळून ३०० किट शहरभर वाटली. अडीचशेच्या वर बाटल्या परत आल्या. नव्वदाव्या टक्क्याचा आकडा २७ च्या घरात. यावर टीका करायला जागा होतीच. ज्यांना पाण्याची काळजी वाटत होती तेच बाटल्या भरून देणार, म्हणजे हाही नमुना झुकलेलाच की! मुद्दा खोटा नाही. पण शहराला शोधायची होती ती धोक्याची घरं या लोकांनी मुद्दाम निवडलेली नव्हती. तरीही आकडा एवढा. निवडली असती तर? झुकाव कुठल्या दिशेला आहे हे कळलं, तर झुकलेला नमुनाही कामाचा असतो. तो नाहीच असं दाखवलं, की गडबड.

पिन कोडचा घोळ

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पाण्याचा नाही, नकाशाचा आहे. डॉ. मोना हन्ना-अतिशा या फ्लिंटच्या हर्ली मेडिकल सेंटरमधल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांची शाळेतली एक मैत्रीण पूर्वी ईपीएमध्ये पाण्यावर काम करायची. घरी जेवायला आली असताना ती म्हणाली, अगं, त्या पाण्यात फॉस्फेट घालत नाहीयेत, तू मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट बघ. डॉक्टरबाईंनी हॉस्पिटलचे रेकॉर्ड काढले आणि पाणी बदलण्याआधीची आणि नंतरची मुलं शेजारी शेजारी ठेवली.

राज्याच्या आरोग्य खात्याने तोच हिशेब झिप कोडनुसार केला होता आणि त्यात विशेष काही दिसत नाही म्हणून सांगितलं होतं. झिप कोड म्हणजे आपला पिन कोडच. तो टपालाच्या सोयीसाठी असतो, पाइपलाइनच्या नव्हे. ‘फ्लिंट’ असा पत्ता लिहिणाऱ्या घरांपैकी साधारण एक तृतीयांश घरं शहराच्या हद्दीबाहेर होती. त्यांना नदीचं पाणी येतच नव्हतं! आमटीत तांब्याभर पाणी ओतलं की ती अळणी लागते, पण पातेल्यातलं मीठ तेवढंच असतं. तसं झालं. भूगोलाचे अभ्यासक रिक सॅडलर यांच्या मदतीने डॉक्टरबाईंनी प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर मांडला. कोण आत, कोण बाहेर.

चित्र लख्ख झालं. पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तातलं शिसं जास्त असलेल्यांचं प्रमाण शहरात २.४ टक्क्यांवरून ४.९ वर गेलं होतं. ज्या वॉर्डांत पाण्यातलं शिसं सर्वाधिक, तिथे ४ वरून १०.६ वर. हद्दीबाहेरच्या मुलांत फारसा फरक नव्हता. २४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी हे पत्रकारांसमोर मांडलं. राज्याने आधी हात झटकले, मग आपलीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि आठवडाभरात मान्य केलं. १६ ऑक्टोबरला फ्लिंट पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्यावर आलं.

इथे पिक्चर संपला असता तर बरं झालं असतं, पण हन्ना-अतिशांच्या आकड्यांनाही कडा आहेत. रक्ताची तपासणी सगळ्या मुलांची होत नाही. ती साधारण एक-दोन वर्षांच्या वयात होते. नळाच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पिणारी तान्ही बाळं त्यात येतच नाहीत, म्हणजे ज्यांनी ते पाणी सगळ्यात जास्त प्यायलं तीच गैरहजर. दुसऱ्या बाजूने, २०१८ मध्ये काही संशोधकांनी २००६ पासूनचे आकडे लावून दाखवलं, की फ्लिंटच्या मुलांच्या रक्तातलं शिसं वर्षानुवर्षं कमीच होत आलंय आणि पाणी बदलल्यावरची वाढ त्या मोठ्या उतारावरचा छोटा उंचवटा आहे. यावर बरंच वाजलं. मला विचाराल तर दोन्ही आकडे खरे आहेत. किती वर्षं मागे जाऊन बघायचं, हीसुद्धा एक निवडच असते. पण ज्या घरातलं मूल त्या उंचवट्यावर बसलेलं होतं, त्या आईला उतार दाखवून काय उपयोग?

पुढे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाने ६२.६ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. सुमारे ११ हजार शिशाचे पाइप बदलून काम पुरं झाल्याचं राज्याने जाहीर केलं, ते जुलै २०२५ मध्ये. ईपीएने २०२४ साली आणलेल्या सुधारित नियमात १५ ची मर्यादा १० वर आणली आणि शिशाचा पाइप असलेल्या घरांत पहिल्या लिटरसोबत पाचवा लिटरही तपासायला सांगितला. कारण पहिला लिटर असतो नळाजवळचा, पाचवा येतो रस्त्याखालच्या पाइपातून. फॉर्म्युला तोच, बाटली वेगळी!

ऑफिसमधला तो सर्व्हे

हे सगळं तिकडे अमेरिकेत, असं वाटत असेल तर तुमच्या इनबॉक्समधला वेलनेस सर्व्हे आठवा. कुणी भरला होता? मी नाही. त्या आठवड्यात डेडलाइन होती. जे सर्वांत दमलेले, त्यांना फॉर्म भरायला वेळ नसतो, आणि जे आजारपणामुळे नोकरी सोडून गेले, त्यांना तर मेलच येत नाही. म्हणून कारखान्यातल्या कामगारांची तब्येत बाहेरच्या लोकांशी ताडून बघितली की कामगारच जास्त ठणठणीत दिसतात. काम चांगलं असतं म्हणून नाही, तर आजारी माणसं तिथे टिकत नाहीत म्हणून. अभ्यासक याला ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणतात.

मोठमोठे अभ्यासही यातून सुटत नाहीत. हवेच्या प्रदूषणापासून हृदयविकारापर्यंत कशावरही संशोधन करताना वापरली जाणारी ब्रिटनची ‘यूके बायोबँक’ घ्या. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या ९२ लाख लोकांना आमंत्रणं गेली. आले पाच लाख. साडेपाच टक्के! आणि जे आले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा कमी सिगारेट ओढणारे, कमी लठ्ठ, जास्त सुखवस्तू. संशोधक हे लपवत नाहीत, उलट त्यावर पेपर लिहितात. पण आपल्यापर्यंत पोचते ती फक्त हेडलाइन.

मोबाइलवरचा एक्यूआय तरी कुठे आपल्या नाकाचा असतो? तो जवळच्या मोजणी केंद्राचा. सिग्नलला बससमोर टू-व्हीलर लावून उभे असताना आपण जे ओढून घेतो, ते त्या आकड्यात नसतं.

काकांची यादी

तर आमची बिल्डिंग. मी लॅबमधून निर्जंतुक बाटली आणली. जंतूंची तपासणी असेल तर बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी लागते, हे तिथेच कळलं. सकाळी सहाला किचनचा नळ सोडला आणि बाटली भरली. रिपोर्टमध्ये ई-कोलाय. मानक म्हणतं, शंभर मिलीलिटरमध्ये एकही नको.

मीटिंगला एक काका तडकलेच. “तुम्ही मुद्दाम घाण पाणी भरलंत!” मला राग आला, पण घरी आल्यावर वाटलं, त्यांचं अगदीच चूक नाही. माझीही बाटली एकच. एका फ्लॅटची, एका सकाळची. कदाचित आमच्याच नळाची जाळी खराब असेल. सेक्रेटरी काकांशी पुन्हा बोलले. ठरलं की आता नीट करायचं. गेटचा नळ, खालची टाकी, दोन्ही विंगच्या वरच्या टाक्या, टँकर आल्या आल्या त्याचं पाणी आणि सहा फ्लॅटमधले किचनचे नळ. खर्च सोसायटीचा.

रविवारी काकांनी फ्लॅट नंबरांची यादी माझ्या हातात दिली. पहिला मजला, दुसरा, चौथा, कमिटीतले दोघे... मी वरून खाली वाचली, पुन्हा वाचली.

“काका, यात भाड्याने राहणारं कुणीच नाही. आणि शेवटच्या मजल्यावरचंही कुणी नाही.”

“अगं, ओनर्स लगेच दार उघडतात. तुम्ही मुलं घरात असता कधी?”

मी त्यांच्याकडे पेन मागितलं.